बंदीच्या दिवसांतला बर्फ

एक जूनपासून ट्रॉलर मालीं जेटीला खेटून उभे,
सुट्टी लागल्यावर कोपऱ्यात टाकलेल्या दप्तरांसारखे.
बर्फाच्या कारखान्यात तीनपैकी एकच कॉम्प्रेसर धडधडतो
आणि माझ्या चलनबुकात दिवसाला चार ओळी.
म्हणून मी, सुलक्षा नार्वेकर, हिशेबनीस,
वय एकोणपन्नास,
खुनाच्या तपासाला लागले.

मालिका उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातली.
नाव अजून नीट उच्चारता येत नाही,
त्यातल्या एका अक्षराच्या डोक्यावर बारीक वर्तुळ आहे.
आम्ही तिला नुसतं टिकलीवाली म्हणतो.
आम्ही म्हणजे मी, मशीनवरचा कायतान
आणि लाद्या ओढणारा दुर्योधन, गंजामचा.
दुपारी मोबाइल डब्याला टेकवून उभा करायचा,
खालची इंग्रजी अक्षरं मी वाचून मराठीत सांगायची,
कायतानने ती कोंकणीत बिघडवायची
आणि दुर्योधनने नुसते चेहरे बघून
आमच्या आधी समजून घ्यायचं.

पहिल्याच भागात गोठलेलं तळं,
काचेसारख्या थराखाली एक हात.
तपास करणारी बाई माझ्याच वयाची,
स्वेटरला कोपरावर भोक,
कुणाशी फारसं बोलत नाही,
गाडीत बसून शिळा पाव चावते.
बाकी सगळं पांढरं.
छप्परं, रस्ता, झाडं, बाईचा श्वाससुद्धा.

मला बर्फ माहीत आहे.
अमोनियाचा वास, टोचा, गोणपाट,
क्रशरचा खडखडाट,
सुरमईच्या डोळ्यावर बसलेला चुरा.
आमच्याकडे तो लादीवर जातो, उधारी वेगळी.
आणि तिथे तो आभाळातून येतो, फुकट,
आवाज न करता, कुणाच्या खात्यावर न चढता.
तीन मिनिटं नुसता पडत राहिला
आणि कुणी कुणाला काही बोलू दिलं नाही.
"मालकाक दाखोवं नाका," कायतान म्हणाला,
"रडटलो."

तिथली माणसं हो म्हणताना श्वास आत ओढतात.
खरंच. शब्द बाहेर सोडण्याऐवजी गिळतात.
मला ते इतकं आवडलं
की परवा सासूबाईंनी विचारलं, हुमणात मीठ घातलंस?
आणि मी श्वास आत ओढला.
त्यांनी नातवाला हाक मारली,
"पंप आण रे, हिला दम लागलाय."

सातव्या भागानंतर कायतानने दगा दिला.
रात्री घरी एकट्याने सगळं पाहून आला
आणि सकाळी ऑम्लेट-पाव खाता खाता म्हणाला,
"पोदेर. पोदेरानूच मारला."
दोन दिवस मी त्याचा ओव्हरटाइम चढवला नाही.
तिसऱ्या दिवशी पहाटे दारात भोंपू वाजला,
आमचा ज्योकी, वीस वर्षांच्या ओळखीचा,
टोपलीवर निळं प्लास्टिक,
आणि मी उंडे मोजून घेताना
त्याच्या नखांकडे बघत होते.

दुर्योधन म्हणतो, कायतानभाई खोटं बोलतो.
पाववाला खुनी असता तर
त्याने त्या बाईला पाव देताना
डोळे खाली घातले असते, घातले नाहीत.
मालिकेतलं एक अक्षर ह्याला वाचता येत नाही
आणि मला ह्याचंच पटतंय.

मग बंदी उठली.
ट्रकांची रांग बेतीच्या वळणापर्यंत,
तिन्ही कॉम्प्रेसर एकदम, चलनबुकाची पानं ओली,
डब्याला टेकायला मोबाइलला जागा नाही.
आठवा भाग तसाच राहिलाय, बावन्न मिनिटं.
मुलगा म्हणतो, बघून टाक ना एकदाचा.
टाक, म्हणे.

काल रात्री दीडच्या सुमारास दुर्योधनने खिडकीवर टकटक केली.
"बाई, जरा या."
दिव्याखाली एक लादी आडवी पडलेली
आणि आत, काचेसारख्या थराखाली,
कायतानचा हरवलेला रबरी हातमोजा,
पाचही बोटं पसरून.
मागे ड्रायव्हर हॉर्न देत होते.
"पोदेर?" त्याने हळूच विचारलं.
मी श्वास आत ओढला.